गाडीला जादा दिवे लावताना

भुशीहून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. मोटारसायकलला जादा दिवे कोणते घ्यावे आणि कसे बसवावे, हा आजचा विषय. "हा काय बचत गटाचा विषय आहे का?" असं आमच्या बैठकीतही एकीने विचारलं होतं. पण या विषयावर आमच्या दोन बैठका गेल्या. पहिलीत तर भांडणच झालं.

भुशी धरण सगळ्यांना माहीत असतं. पावसाळ्यात माणसं पायऱ्यांवर बसायला येतात. धरणाच्या पुढे रस्ता लायन्स पॉइंट, टायगर पॉइंटवरून पेठ शहापूर, आंबवण्याकडे जातो. त्या रस्त्याच्या कडेला आमच्यातल्या कितीतरी जणी भाजलेली कणसं, उकडलेला मका, कांदाभजी, चहा विकतात. पावसाचे तीन महिने म्हणजे आमची वर्षाची कमाई. आणि त्या तीन महिन्यांत धुकं असं असतं की चार पावलांवरची टपरी दिसत नाही.

मागच्या श्रावणात आमच्या गटातल्या एक काकू संध्याकाळी सात वाजता टोपली आवरून घरी येत होत्या. कडेकडेनेच चालत होत्या. समोरून पाच-सहा मोटारसायकली आल्या. हँडलपाशी उंच लावलेले पांढरे शुभ्र दिवे. काकू म्हणतात, "गाडी दिसलीच नाही, नुसतं पांढरं दिसलं." त्यांनी डोळ्यांवर हात धरला, एक पाऊल बाजूला टाकलं आणि त्या गटारात गेल्या. मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये आणि हंगाम बुडाला. गाडीवाले थांबले नाहीत. थांबायचं सुचायला त्यांना काकू दिसायला तर हव्यात, आणि एवढे दिवे असून त्या दिसल्याच नसणार, असं आम्हाला वाटतं.

त्याच महिन्याच्या बैठकीत दुसऱ्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. चार हजार रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, लेकीच्या गाडीला जादा दिवे बसवायचेत. लेक नोकरी करते, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल तिने हप्त्यांवर घेतलीय, शनिवारी रात्री जुन्या हमरस्त्याने घरी येते. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तिला दुसरा रस्ताच नाही. सुट्टीत मैत्रिणींबरोबर कोकणात जाते. आता मुली मोटारसायकलवर लांब जातात याचं नवल करायचं कारण उरलेलं नाही. बायकांचा 'बायकर्नी' हा मोटारसायकल गट २०११ साली आपल्या पुण्यातच सुरू झाला. पण काकू प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन समोरच बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या दिव्यांना माझ्या बचतीतलं कर्ज?"

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत कर्ज मंजूर केलं, पण अट घातली. दिवे आमच्या डोळ्यांसमोर बसवायचे आणि काकूंनी पास केल्याशिवाय रस्त्यावर लावायचे नाहीत. त्यानिमित्ताने आम्ही जे शिकलो ते सांगतो. लेकीने वाचून सांगितलं, गावातल्या गाड्यांच्या वायरमनदादांनी हाताने दाखवलं आणि बाकीचं आम्ही रस्त्यावर उभं राहून पाहिलं.

पहिली गोष्ट फुकटातली. नवे दिवे घ्यायच्या आधी आहे तो हेडलाइट बघा. काच आतून धुरकटलेली आहे का, दिवा वर बघतोय की खाली, हे तपासा. हेल्मेटची काच चरे पडलेली असेल तर समोरच्या प्रत्येक दिव्याला फुलबाज्या फुटतात. लेकीने काच बदलली आणि हेडलाइट दोन बोटं खाली घेतला, तेव्हाच तिचा अर्धा त्रास गेला. तेवढ्यावर भागत असेल तर कर्ज काढूच नका, असं आम्ही तिला म्हटलंही. पण घाटातल्या वळणावर कडेची पांढरी पट्टी दिसत नव्हती, ती नव्हतीच.

मग प्रश्न आला, आपला अंधार कोणत्या जातीचा? सोलापूरकडच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर लांबचं दिसायला हवं. तिथे अरुंद, लांब जाणारा झोत कामाचा. घाटात तो काही उपयोगाचा नाही. वळणावर तो समोरच्या दरीत जातो आणि रस्ता बाजूला अंधारात राहतो. तिथे रुंद पसरणारा, जवळचा झोत हवा. आणि धुक्यात तर लांबचा झोत उलटतो.

हे कसं, ते आमच्याच चुलीवर कळलं. उकडलेल्या मक्याच्या पातेल्याचं झाकण काढलं की वाफ येते. बॅटरी डोळ्यांजवळ धरून त्या वाफेवर मारा. पांढरी भिंत उभी राहते, पातेलं दिसत नाही. तीच बॅटरी खाली पातेल्याच्या काठाशी धरून आडवी मारा. वाफ डोक्यावर राहते आणि कणसं दिसतात. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, प्रत्येक थेंब थोडा उजेड आपल्याकडे परत फेकतो. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ आणि जितका उंच, तितका परतीचा उजेड जास्त. म्हणून धुक्याचा दिवा खाली लागतो, त्याचा झोत रुंद असतो आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. वर उजेड जाऊच द्यायचा नाही. हेच कारण की धुक्यात अप्पर लावला की कमी दिसतं.

आता पिवळा की पांढरा? पिवळा दिवा धुकं फाडतो असं सगळे सांगतात. ते तितकंसं खरं नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लाटेपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फरक आपल्या डोळ्यांत पडतो. निळसर पांढरा उजेड जास्त दिपवतो, पिवळा डोळ्यांना सोसतो. खोक्यावर केल्विन म्हणून आकडा असतो. ३००० च्या आसपास पिवळसर, ६००० च्या पुढे निळसर पांढरा. आम्ही पिवळा घेतला. समोरच्यालाही तो बरा. पण पिवळा आहे म्हणून उंच लावला तर चालतो, असं मात्र नाही.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. बोटाएवढ्या दिव्यावर '३०० वॅट' छापलेलं आम्ही पाहिलंय. वायरमनदादांनी मीटर लावून दाखवलं की तसला दिवा खरंतर किती वीज खातो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढं एक गणित पुरतं. त्यापेक्षा झोताचा आकार दाखवायला सांगा. दुकानदाराला दिवा लावून भिंतीवर मारायला सांगा. वरची कड सरळ आणि स्पष्ट दिसली तर तो धुक्याचा दिवा. गोल पसरट डाग पडला तर तो शेतातल्या ट्रॅक्टरच्या कामाचा दिवा, रस्त्याचा नाही. पाण्यासाठी आयपी ६७ किंवा ६८ असं लिहिलेलं बघा. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. पुढचा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी पाणी शिरत नाही. आमच्या पावसाला याहून कमी चालायचं नाही. मागे पंख्यांसारख्या धातूच्या पट्ट्या हव्यात, कारण एलईडी दिवा पुढून गार वाटला तरी मागून तापतो.

विजेचा भाग सांगताना वायरमनदादा इतके शब्द वापरत होते की आम्ही शेवटी त्याला गटाच्या हिशेबात बसवलं. बॅटरी म्हणजे गटाची पेटी. इंजिनाबरोबर फिरणारी कॉइल म्हणजे दरमहा जमा होणारी बचत. दिवे, हॉर्न, गाडी चालू ठेवणारी यंत्रणा हे सगळे कर्जदार. जमेपेक्षा वाटप जास्त झालं की पेटी रिकामी. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालूच असतो, म्हणजे एक मोठा कर्जदार आधीच ठरलेला आहे. आणि घाटात गाड्यांची रांग लागली, इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, की बचतही कमी येते. नेमकं तेव्हाच धुकं असतं आणि दिवे लावलेले असतात.

२० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट. त्याला १२ व्होल्टने भागा, साधारण साडेतीन अँपिअर. ६० चे दोन घेतले तर १०. लेकीच्या गाडीला पहिलं परवडतं, दुसरं नाही. आपल्या गाडीची कॉइल किती वॅटची, हे गाडीच्या पुस्तकात असतं किंवा शोरूमला विचारता येतं. बसवल्यावर मीटरने बघा: इंजिन थोडं चढवून सगळे दिवे लावले तरी बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसले तर जमा चांगली आहे. तेराच्या खाली यायला लागले तर पेटीतून खर्च चाललाय.

खरं सांगायचं तर लेकीने आम्हाला विचारायच्या आधी एकदा दिवे बसवून घेतले होते. कुठल्या दुकानात, ते सांगत नाही. स्वस्तातली जोडी, आणि वायर सरळ हेडलाइटच्या वायरीला पीळ मारून जोडलेली. पंधरा दिवसांनी रात्री घाटात हँडलवरचं बटण वितळलं, जळका वास आला आणि दिव्यांबरोबर हेडलाइटही गेला. मोबाइलच्या उजेडात तिने गाडी कडेला घेतली आणि एका ट्रकमागे चालत वर आली. तिच्या आईने हे आम्हाला अर्ज मंजूर झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर एवढं भांडण झालंच नसतं.

तर, बटणातून सगळी वीज न्यायची नाही. मध्ये रिले लावायचा. आमच्याकडे अध्यक्षताई सही करतात, पैसे खजिनदार देते. तसंच हे. हँडलवरचं बटण रिलेला फक्त इशारा देतं, मोठी वीज बॅटरीतून रिलेमार्गे थेट दिव्यांना जाते. रिलेवर आकडे असतात. ८५ आणि ८६ ला इशाऱ्याच्या वायरी, ३० ला बॅटरीकडून येणारी, ८७ ला दिव्यांकडे जाणारी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. साडेतीन अँपिअरला पाचचा फ्यूज. फ्यूज उडतोय म्हणून वीसचा घालणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं. ती जळते आणि पेट्रोलच्या टाकीखालूनच गेलेली असते. इशाऱ्याची वायर अशा ठिकाणी जोडायची की किल्ली काढली की दिवे विझलेच पाहिजेत. लांब झोताचे दिवे असतील तर ते अप्परशीच जोडा, म्हणजे डिपर दिला की तेही विझतात.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची एकही वायर कापू देऊ नका. हल्लीच्या गाड्यांत संगणक असतो, वायर कापली की तो भलतीच तक्रार दाखवतो आणि वॉरंटीही हातची जाते. तयार जोडणीचा हार्नेस मिळतो, थोडा महाग पडतो, पण तोच घ्या. जोडांवर चिकटपट्टी नको, पावसात ती सुटते. गरम केल्यावर आवळणारी नळी घालून घ्या. वायर जोडाच्या आधी थोडी खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, जोडात शिरत नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाता कामा नये. सायलेन्सरपासून तर लांबच ठेवा.

बसवायची जागा? आम्ही लेग गार्डवर, गुडघ्याच्या खाली बसवले. हँडलजवळ किंवा आरशाच्या दांडीवर बसवलेले दिवे दिसायला रुबाबदार असतात. काकू पडल्या त्या तसल्याच दिव्यांनी. पुढच्या शॉकअपवर बसवले तर ते हँडलबरोबर वळतात, वळणावर त्याचा फायदा आहे, हे कबूल करायला हवं. पण मडगार्डाला लागत नाहीत ना, हे शॉकअप दाबून बघावं लागतं. लेग गार्डवर बसवले तर गार्डाच्या नळीच्या आतल्या बाजूला, नाहीतर गाडी आडवी पडली की पहिला दिवा फुटतो. पातळ पत्र्याची पट्टी नको, ती वाकते आणि दिवा मान टाकतो किंवा आकाशाकडे बघतो. जाड पट्टी, रबरी वॉशर आणि आतून नायलॉन असलेला नट, म्हणजे थरथरीने सुटत नाही. इंडिकेटर झाकले जात नाहीत आणि इंजिनाला लागणारी हवा अडत नाही, हेही बघा.

आता झोत लावणं. आमच्या मते खरं काम हेच आहे, आणि दुकानात बहुतेक वेळा हेच होत नाही. देवळामागे सपाट जागा आणि एक लांब भिंत आहे. गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर सरळ उभी केली. चाकांत हवा पुरेशी भरलेली, लेक गाडीवर बसलेली, मागे तिच्या प्रवासाच्या पिशव्या बांधलेल्या. हे महत्त्वाचं आहे. मागे वजन आलं की गाडीचं तोंड वर होतं आणि झोतही. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर होता. भिंतीवर त्या उंचीला खडूने रेघ मारली, तिच्या खाली १५ सेंटिमीटरवर दुसरी. उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेच्या वर जाता कामा नये. म्हणजे झोत मीटरमागे दोन सेंटिमीटर खाली उतरतो आणि ३० मीटरवर रस्त्याला टेकतो. धुक्यासाठी आणि घाटासाठी तेवढं पुरतं.

मग काकूंची परीक्षा. ती कल्पना आमची नव्हती, नियमाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १०६ वा नियम आहे. पुढच्या दिव्याचा झोत कायम असा खाली वळवलेला हवा की दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या बाजूला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला दिपवणार नाही. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा आम्ही टेप आणली. दीड मीटर म्हणजे चार फूट अकरा इंच. काकूंचे डोळे एक-दोन बोटं खाली, एवढाच फरक. कुणी कुठे बसून नियम लिहिला माहीत नाही, पण रस्त्याच्या कडेने टोपली घेऊन चालणारी बाई त्या मापात बसते.

काकू आठ मीटरवर, थोड्या बाजूला उभ्या राहिल्या. टोपलीही घेतली, "असंच चालते मी," म्हणाल्या. संध्याकाळ कलली होती, धुकं उतरलं होतं. दिवे लावले. "हेल्मेट दिसत नाही." डावा दिवा भिंतीवर बरोबर होता, उजवा पट्टी आवळताना फिरला होता. खाली घेतला. "अजून." पुन्हा घेतला. चौथ्या वेळी काकू म्हणाल्या, "आता दिसतंय. लाल हेल्मेट आहे." मग त्या आपणहून चार मीटरवर आल्या, दोन मीटरवर आल्या, आणि लेकीच्या जागी जाऊन गाडीवर बसून तिच्या बाजूनेही बघितलं. कडेची पट्टी दिसत होती, गटारही दिसत होतं.

कायद्याचं आणखी थोडं. त्याच नियमांत १११ वा नियम आहे. स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट गाडीच्या पुढे लावायला मनाई आहे, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतली तरच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. म्हणून कंपनीने त्याच गाडीसाठी दिलेले दिवे मिळत असतील तर ते घेणं शहाणपणाचं, आणि बाहेरचे घेणार असाल तर आधी आरटीओत विचारा. पोलिसांनी अडवल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

दिवे आले म्हणजे वेग वाढवायचा नसतो, हे लेकीला तिच्या आईने सांगितलं, आम्ही फक्त गणित मांडलं. ताशी ४० ने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दिसलं, कळलं, हात ब्रेकवर गेला, यातच एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधी ११ ते १६ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला जवळपास आणखी तेवढेच. धुक्यात २० मीटर दिसत असेल तर ४० चा वेगही जास्त आहे. गावात शिरलं, धुकं विरलं किंवा पुढे जवळ गाडी असली की जादा दिवे बंद. पुढच्या गाडीच्या आरशातून तो उजेड चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकवत येऊ नका. कुठे वळणार तेच कळत नाही आणि आम्ही रस्ता ओलांडायला उभ्या असतो.

आमच्या बाजूनेही एक केलं. टोपल्यांना आणि छत्र्यांना उजेड परत फेकणारी पट्टी चिकटवली, ट्रकच्या मागे असते तसली. मीटरवर मिळते. दिवा खाली बघत असला तरी पट्टी लांबून चमकते.

ताईंनी कर्जाचे दोन हप्ते फेडलेत. लेक दर दोन महिन्यांनी, आणि पंक्चर काढलं किंवा गाडी पडली तर लगेच, झोत पुन्हा तपासून घेते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर पावसाळ्याआधी रविवारी संध्याकाळी देवळामागे घेऊन या, सामान आणि मागे बसणारं माणूस यांच्यासकट. खडूची रेघ पहिल्याच पावसात पुसली गेली, म्हणून आता भिंतीवर ऑइलपेंटची मारलीय. काकू तिथे असतात.